परत आलेला शोधनिबंध आणि न सापडणारे तीन संदर्भ

पत्र : "मी पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. झोप आणि स्मरणशक्ती या विषयावर मी २२ पानांचा शोधनिबंध मराठीत लिहिला. मार्गदर्शकांनी 'मजकूर ठीक, संदर्भ अविश्वसनीय, मांडणीत एकवाक्यता नाही, एपीए पद्धतीने पुन्हा सादर करावा' असा शेरा मारून तो परत केला आणि १० दिवसांची मुदत दिली. माझ्या संदर्भसूचीत ३१ नोंदी आहेत. बऱ्याचशा मी संदर्भ तयार करून देणाऱ्या संकेतस्थळावरून घेतल्या, काही एआय चॅटबॉटने सुचवल्या. त्यांतल्या तीन आता शोधूनही सापडत नाहीत. प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यावा लागतो का? स्वतःच्या शब्दांत लिहिले तरीही द्यायचा का? एका पुस्तकात दुसऱ्याच संशोधकाचे मत वाचले, तर नाव कोणाचे लिहायचे? आणि आधी काय दुरुस्त करू : समास, फाँट की संदर्भ?"

प्रिय विद्यार्थिनी,

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत आधी घेते, कारण या १० दिवसांचे नियोजन त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. समास, फाँट आणि ओळींमधले अंतर यांना सध्या हातही लावू नका. मार्गदर्शकांचा शेरा पुन्हा एकदा नीट वाचा : मांडणीत 'एकवाक्यता नाही' एवढेच त्यांनी म्हटले आहे, संदर्भांना मात्र 'अविश्वसनीय' म्हटले आहे. पहिली तक्रार नीटनेटकेपणाची आहे आणि ती एका दुपारी मिटते, कारण पानाची रचना संगणक सगळ्या निबंधाला एकदम लावून देतो. दुसरी तक्रार अशी आहे की, तुम्ही जे लिहिले आहे ते तुम्ही म्हणता तिथे खरोखर आहे की नाही, याचा वाचणाऱ्याला भरवसा वाटत नाही. आणि तो भरवसा निर्माण करण्याचे काम तुमच्या वतीने कोणतेही यंत्र करणार नाही. म्हणून पहिले सहा दिवस संदर्भ तपासण्याला, पुढचे दोन सूचीतल्या नोंदी बिनचूक करण्याला आणि उरलेले मांडणीला व अखेरच्या वाचनाला, अशी वाटणी मी करीन.

संदर्भ कशासाठी द्यायचा हे एकदा मनाशी पक्के झाले की अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत. तुमचे वाक्य वाचणाऱ्याला, जे पान वाचून तुम्ही ते लिहिले त्याच पानापर्यंत, तुम्हाला काहीही न विचारता पोहोचता आले पाहिजे. एपीए, एमएलए, शिकागो या तिथवर नेण्याच्या वेगवेगळ्या रीती आहेत आणि त्यांच्यातले फरक कोणाच्या लहरीतून आलेले नाहीत. मानसशास्त्रात निष्कर्ष किती जुना आहे याला महत्त्व असते, म्हणून अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची एपीए पद्धत मजकुरातच आडनावाशेजारी वर्ष देते. साहित्याच्या अभ्यासकाला नेमके पान हवे असते, म्हणून मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची एमएलए पद्धत कंसात वर्ष न देता आडनाव आणि पृष्ठ क्रमांक देते. इतिहासकाराचे साधन कधी दप्तरखान्यातले एखादे पत्र असते; त्याचा सगळा तपशील कंसात मावत नाही, म्हणून शिकागो पद्धतीच्या एका शाखेत तळटीपा असतात. तेव्हा तुमच्यासाठी बरोबर पद्धत म्हणजे मार्गदर्शकांनी सांगितलेली, आणि तुमच्या विषयाला ती शोभतेही. फक्त तिची सातवी आवृत्ती, जी ऑक्टोबर २०१९ मध्ये आली, तीच तुम्ही वापरत आहात ना, याची खात्री करून घ्या, कारण इकडेतिकडे मिळणारे पुष्कळ नमुने अजूनही सहाव्या आवृत्तीचे असतात.

पहिल्या दिवशी संदर्भसूची उघडू नका, निबंध उघडा. तो शक्यतो कागदावर छापून घ्या आणि जे जे वाक्य तुमच्या स्वतःच्या विचारातून किंवा निरीक्षणातून आलेले नाही त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. मग प्रत्येक रेघेशेजारी समासात, ते वाक्य कोणत्या साधनाच्या कोणत्या पानावरून आले ते लिहा. जिथे हात थबकेल तिथे नुसते प्रश्नचिन्ह करून पुढे जा. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याला दोन दिवस लागतील, पण ते संपेल तेव्हा तुमच्या निबंधाची खरी स्थिती तुम्हाला मार्गदर्शकांपेक्षाही जास्त ठाऊक झालेली असेल. त्यानंतरच सूची घ्या आणि दोन्ही बाजूंनी पडताळा : मजकुरात आलेले प्रत्येक नाव सूचीत आहे का, आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठे ना कुठे वापरलेली आहे का. एपीएच्या संदर्भसूचीत फक्त मजकुरात उल्लेखलेली साधने येतात. वाचलेली पण न वापरलेली पुस्तके तिथे नसतात. ३१ चा आकडा घसरून बावीस-तेवीसवर आला तर वाईट वाटून घेऊ नका. सूची लांब दिसावी म्हणून ठेवलेली नोंद परीक्षकाच्या नजरेला पहिल्यांदा खुपते.

प्रत्येक वाक्याला संदर्भ लागत नाही. जागरण केले की दुसऱ्या दिवशी थकवा जाणवतो, हे कोणालाही माहीत आहे. त्याला आधार दिलात तर उलट हसे होईल. पण एखाद्या प्रयोगात किती जणांवर काय आढळले, एखादी संज्ञा कोणी कशी मांडली, ज्यावर अभ्यासकांचे एकमत नाही असे विधान, कोणताही आकडा, दुसऱ्याची आकृती किंवा तक्ता, आणि एखाद्याने घडवलेला खास शब्दप्रयोग, या सगळ्यांना तो लागतो. नवख्या लेखनात मला वारंवार दिसणारा घोटाळा वेगळाच आहे. विद्यार्थी आठ वाक्यांचा परिच्छेद एका लेखावरून लिहितात आणि अगदी शेवटी कंसात एकदाच नाव टाकतात. वाचकाला कळत नाही की ते नाव शेवटच्या वाक्यापुरते आहे की आठही वाक्यांचे. त्यापेक्षा पहिल्याच वाक्यात नाव आणि वर्ष द्यावे आणि पुढे 'याच प्रयोगात', 'त्यांच्या मते' अशा शब्दांनी धागा चालू ठेवावा. साधन तेच आहे हे स्पष्ट असेपर्यंत एपीए प्रत्येक वाक्यापाशी कंस पुन्हा मागत नाही. मध्येच दुसऱ्या कोणाचे मत आले, तर मात्र परतताना नाव पुन्हा घ्यावे लागते.

स्वतःच्या शब्दांत लिहिले तरी संदर्भ द्यायचा का, या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे होय असे आहे. शब्द तुमचे झाले तरी शोध त्यांचाच राहतो. मात्र 'स्वतःचे शब्द' म्हणजे काय याकडे जरा थांबून पाहायला हवे. मूळ वाक्याची घडण तशीच ठेवून 'परिणाम' च्या जागी 'प्रभाव' आणि 'आढळले' च्या जागी 'दिसून आले' असे केले, तर ते स्वतःचे लेखन होत नाही. शेवटी नाव दिले असले तरी ती उचल ठरते. एकच उपाय मला उपयोगी पडलेला आहे. उतारा दोनदा वाचावा, पुस्तक मिटावे, समोर बसलेल्या मैत्रिणीला सांगावे तसे लिहावे आणि मगच पुस्तक उघडून आपण अर्थ वाकडा केला नाही ना, हे पाहावे. पुस्तक उघडे ठेवून केलेले 'स्वतःचे शब्द' बहुतेक वेळा त्याचेच असतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. या विषयावरची तुमची बहुतेक साधने इंग्रजीत असणार आणि निबंध मराठीत आहे. इंग्रजीतले वाक्य मराठीत आणले म्हणजे ते आपले झाले, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे चांगल्या लिहिणाऱ्यांतही आढळतो. एपीएने याचा स्पष्ट निवाडा केलेला आहे : तुम्ही स्वतः केलेला अनुवाद हा अवतरण धरला जात नाही, तो स्वतःच्या शब्दांतल्या मांडणीतच मोडतो. म्हणजे त्याला अवतरणचिन्हे लावायची नाहीत, पण संदर्भ द्यायचाच. आणि वाक्यामागून वाक्य अनुवादलेले असेल तर पृष्ठ क्रमांकही द्यावा, असे माझे मत आहे, कारण वाचकाला मूळ शब्द पाहायचे असतील तर तो कुठे जाणार? साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने टक्केवारी कमी दाखवली, या भरवशावर राहू नका. ते फक्त जुळणारे शब्द मोजते. ती टक्केवारी म्हणजे दोषमुक्तीचा दाखला नव्हे, आणि आकडा वाढला म्हणून चोरीही सिद्ध होत नाही, कारण योग्य रीतीने दिलेली अवतरणे आणि खुद्द संदर्भसूचीसुद्धा त्या मोजणीत येऊ शकते.

जिथे मूळ शब्द तसेच हवे असतील तिथे अवतरण द्या, पण हात आखडता ठेवा. तुमच्या विषयात शब्दांपेक्षा निष्कर्षाला मोल आहे. चाळीसपेक्षा कमी शब्दांचे अवतरण ओळीतच, अवतरणचिन्हांत येते. चाळीस किंवा अधिक शब्द असतील तर ते स्वतंत्र परिच्छेदात, डावीकडून अर्धा इंच आत सरकवून, चिन्हांशिवाय येते. दोन्हीकडे पृष्ठ क्रमांक हवा. ज्या साधनाला पानेच नाहीत तिथे उपशीर्षक किंवा परिच्छेदाचा क्रमांक सांगावा. मी स्वतः विद्यार्थिदशेत एका सुंदर अवतरणाचे पान टिपून ठेवायला विसरले आणि पुढे ते शोधण्यासाठी चारशे पानांचा ग्रंथ दोन दिवस चाळत बसले. सापडले तेव्हा लक्षात आले की मी टिपताना एक शब्द गाळला होता आणि त्याने वाक्याचा अर्थच पालटला होता. तेव्हापासून टिपणवहीत आधी पृष्ठ क्रमांक आणि मग मजकूर, अशी सवय मी लावून घेतली.

एका पुस्तकात वाचलेले दुसऱ्याचे मत हा तुमचा तिसरा प्रश्न, आणि धोका सर्वांत जास्त तिथेच आहे. पालकातल्या लोहाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडल्याने पालकातले लोह दहापट छापले गेले आणि म्हणून त्या भाजीचा इतका बोलबाला झाला, असे सांगितले जाते. १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखात ही हकीकत आली. तिथे तिला आधार दिलेला नव्हता. पुढे कितीतरी लेखकांनी ती उचलली, तीही निष्काळजी संशोधनाचे उदाहरण म्हणून! दशांशचिन्हाच्या त्या चुकीचा पुरावा शोधू गेलेल्यांना तो मिळाला नाही, आणि २०१४ मध्ये सोशल स्टडीज ऑफ सायन्स या नियतकालिकातल्या एका लेखाने असल्या दंतकथा संदर्भांच्या साखळीतून कशा पसरतात, ते याच उदाहरणावरून दाखवले. प्रत्येकाने आधीच्याचे नाव दिले होते, मूळ कागद मात्र कोणी उघडला नव्हता.

म्हणून पहिला प्रयत्न मूळ लेख मिळवण्याचा करा. ग्रंथपालांना विचारा; तुम्हाला ज्याला तासन् तास लागतात ते त्यांना कधी कधी पाच मिनिटांत सापडते. मूळ लेख मिळाला आणि वाचला, तर त्याचेच नाव द्या. मिळालाच नाही, तर जे वाचले ते प्रामाणिकपणे सांगा : मजकुरात मूळ संशोधकाचे आडनाव आणि वर्ष, त्यापुढे 'उद्धृत' असे लिहून तुम्ही वाचलेल्या लेखकाचे आडनाव आणि वर्ष; सूचीत मात्र नोंद फक्त वाचलेल्या पुस्तकाची. न वाचलेला लेख वाचल्यासारखा दाखवणे ही तांत्रिक चूक नव्हे, ते खोटे बोलणे आहे. मात्र ते इतके रूढ झाले आहे की अनेकांना तसे वाटेनासे झाले आहे. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाबाबतही हेच लक्षात ठेवा. मजकुरात नाव प्रकरण लिहिणाऱ्याचे येते, संपादकाचे नाही. संपादक फक्त सूचीतल्या नोंदीत येतो.

आता ते तीन संदर्भ. इंटरनेटवर शोध न घेता उत्तर देणारा एआय चॅटबॉट संदर्भ आठवून सांगत नाही. संदर्भ सर्वसाधारणपणे कसा दिसतो हे त्याने पाहिलेले असते आणि तसा दिसणारा मजकूर तो रचतो. म्हणून लेखक खरा, नियतकालिक खरे, शीर्षक पटण्यासारखे आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, असा प्रकार घडतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात अशाच रचलेल्या निवाड्यांचे दाखले सादर केल्याबद्दल दोन वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला ५,००० डॉलर दंड झाला होता. अर्थात भुताटकीचे संदर्भ यंत्रांच्या आधीही होते. एका प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या नमुन्यात केवळ उदाहरण म्हणून एक काल्पनिक लेख दिला होता. २०१७ मध्ये असे उघडकीला आले की तो शेकडो लेखांच्या संदर्भसूचीत जाऊन बसला आहे.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधा. मग क्रॉसरेफच्या शोधपानावर पाहा, कारण डीओआय, म्हणजे १० या अंकांनी सुरू होणारा लेखाचा कायमचा क्रमांक, मिळालेल्या बहुसंख्य लेखांची नोंद तिथे असते. नोंदीत डीओआय दिला असेल, तर तो उघडून पाहा. रचलेल्या संदर्भाला कधी कधी खरा क्रमांक चिकटवलेला असतो आणि उघडल्यावर भलताच लेख समोर येतो. शेवटी त्या नियतकालिकाच्या त्या खंडाची आणि अंकाची अनुक्रमणिका पाहा. इथवर जाऊनही लेख सापडला नाही, तर तो नाही असे समजा आणि नोंद काढून टाका. पण काम तिथे संपत नाही, कारण त्या तीन नोंदींवर उभी असलेली वाक्येही आता निराधार झाली आहेत. त्यांना दुसरा, तुम्ही स्वतः वाचलेला आधार शोधा. मिळाला नाही तर वाक्य काढा, मग ते कितीही आवडते असो. 'काही अभ्यासकांच्या मते' असे मोघम लिहून ते वाचवू नका. चॅटबॉटने सुचवलेले जे लेख खरोखर अस्तित्वात आहेत, तेही उघडून वाचा. लेख खरा असतो आणि त्यात तुम्ही म्हणता ते नसते, ही फसवणूक अधिक मुरलेली आहे आणि जाणत्या परीक्षकाच्या लक्षात तीच येते.

एआयचेच नाव संदर्भ म्हणून द्यावे का, असा प्रश्न पुढे येईल. तुम्ही त्याच्या उत्तराविषयीच लिहीत असाल किंवा एखाद्या टप्प्यावर ते वापरले असेल, तर एपीएच्या मार्गदर्शनानुसार लेखकाच्या जागी ते बनवणारी कंपनी येते. एमएलए तर त्या साधनाला लेखक मानूच नका, असे सांगते. झोपेविषयीच्या एखाद्या तथ्याला आधार म्हणून मात्र ते देऊ नये, कारण तुमच्याशी झालेले ते संभाषण वाचकाला सहसा गाठता येत नाही.

जाता जाता आणखी एक तपासणी करा : तुम्ही वापरलेला एखादा लेख नंतर मागे घेतला गेलेला नाही ना? गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ चा द लॅन्सेटमधला लेख त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्यानंतरही त्याचे दाखले दिले जात राहिले. लेखाच्या प्रकाशकाच्या पानावर ती सूचना सहसा दिलेली असते; जुनी प्रत उतरवून ठेवलेली असेल तर ती दिसत नाही.

सातव्या दिवशी सूचीला बसा. एपीएची कोणतीही नोंद चार प्रश्नांची उत्तरे ठरलेल्या क्रमाने देते : कोणी, केव्हा, काय आणि कुठे. लेख असेल तर लेखक, कंसात वर्ष, लेखाचे शीर्षक, तिरप्या अक्षरांत नियतकालिकाचे नाव आणि खंड, कंसात अंक, पृष्ठे आणि शेवटी दुव्याच्या रूपात डीओआय. पुस्तक असेल तर लेखक, वर्ष, तिरप्या अक्षरांत शीर्षक आणि प्रकाशक; प्रकाशनाचे गाव सातव्या आवृत्तीने काढून टाकले आहे, त्यामुळे ज्या नोंदीत गाव दिसेल ती जुन्या साच्यातून आली आहे असे ओळखा. मजकुरात तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून पहिले आडनाव आणि 'व इतर'. सूचीत मात्र वीसपर्यंत सगळी नावे द्यावी लागतात. संकेतस्थळाने बनवून दिलेल्या नोंदींत ठरावीक दोष असतात. लेखकाच्या जागी संकेतस्थळाचेच नाव पडते, पानावर प्रसिद्धीची तारीख असूनही 'दिनांक नाही' असे येते, अंक गळतो, शीर्षक सगळे मोठ्या अक्षरांत राहते. तुमच्या निबंधात दोन पद्धतींची सरमिसळ झाली आहे की नाही हे मजकुरातल्या कंसांवरूनच कळेल : आडनाव, स्वल्पविराम आणि वर्ष असेल तर एपीए, आडनाव आणि नुसता पृष्ठ क्रमांक असेल तर ती एमएलएची पाहुणी आहे.

संदर्भ साठवून त्यांची सूची बनवणारे झोटेरोसारखे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे का? १० दिवसांची मुदत असूनही मी घ्या असेच म्हणेन. डीओआय किंवा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, टाकला की नोंद भरली जाते आणि मागे घेतलेल्या लेखाबद्दल ते सूचनाही देते. पण ते जी माहिती घेते ती दुसऱ्या कोणीतरी भरलेली असते, म्हणून प्रत्येक नोंद प्रत्यक्ष लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहणे सुटत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला एपीएच्या नियमपुस्तकात काही उत्तरे मिळत नाहीत, कारण ते इंग्रजीसाठी लिहिलेले आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून शीर्षकाच्या अक्षरांचे सगळे नियम मराठी नोंदींना आपोआप गैरलागू होतात. तिरपी देवनागरी पुष्कळ फाँटांत विद्रूप दिसते. तशी दिसत असेल तर ग्रंथनामे ठळक करावीत, पण मग सर्वत्र. आडनावांबाबत माझे मत थोडे ठाम आहे. रोमन लिपीत छापलेल्या साधनाची नोंद सूचीत रोमनमध्येच ठेवा आणि मजकुरातल्या कंसातही आडनाव रोमनमध्येच द्या. वाक्याच्या ओघात हवे तर ते देवनागरीत लिहा. देवनागरीत उतरवलेल्या परकीय आडनावावरून मूळ स्पेलिंग ओळखणे हा तर्काचा खेळ होतो आणि शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सूचीत मराठी नोंदी वर्णक्रमाने आधी आणि रोमन नोंदी त्यांच्या वर्णक्रमाने नंतर, असे दोन गट करावेत. हा निर्णय मार्गदर्शकांना एका वाक्यात विचारून पक्का करा.

मांडणीचे नियम थोडे आहेत. चारही बाजूंना एक इंच समास, सगळीकडे, सूचीतसुद्धा, दुहेरी ओळअंतर, प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ अर्धा इंच आत, पृष्ठ क्रमांक वर उजवीकडे. शीर्षकपृष्ठावर शीर्षक, तुमचे नाव, विभाग व संस्था, विषयाचे नाव व क्रमांक, मार्गदर्शक आणि सादर करण्याची तारीख. प्रत्येक पानाच्या माथ्यावर छोटे शीर्षक छापण्याची सक्ती सातव्या आवृत्तीने विद्यार्थ्यांसाठी काढली आहे. गोषवारा मागितला असेल तरच द्या आणि तो २५० शब्दांच्या आत ठेवा. सूची नव्या पानावर सुरू होते आणि नोंदीची पहिली ओळ समासाला लागून, पुढच्या ओळी अर्धा इंच आत असतात. हे स्पेसबार दाबत करू नका, परिच्छेदाच्या सेटिंगमधून करा, नाहीतर एक शब्द बदलला की सगळे विस्कटते. फाँट युनिकोडचाच घ्या. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो, आणि मग तुमचे सगळे श्रम मार्गदर्शकांना वाचताच येणार नाहीत. म्हणून शेवटची प्रत पीडीएफमध्येही द्या.

राहिला प्रश्न त्या तीन नोंदींविषयी मार्गदर्शकांशी बोलण्याचा. तुम्ही तो विचारलेला नाही, पण पत्रात तो जाणवतो. त्या गुपचूप काढून टाकल्या तर कदाचित कोणाला कळणारही नाही. तरी माझा सल्ला आहे की निबंधासोबत चार ओळींचे पत्र जोडा : पहिल्या प्रतीतल्या अमुक तीन नोंदी एआयच्या सूचनेवरून घेतल्या होत्या, मूळ लेख पाहिलेले नव्हते, शोध घेतल्यावर ते अस्तित्वात नसल्याचे आढळले, म्हणून त्या आणि त्यांवर आधारलेली विधाने काढली आहेत, उरलेली सर्व साधने मी स्वतः वाचली आहेत. तुमच्या संस्थेचे एआयविषयी काही नियम असतील तर ते आधी वाचून घ्या, म्हणजे पत्रात काही राहून जाणार नाही. आणि ते शेवटचे वाक्य तुम्हाला न कचरता लिहिता येईल इतके वाचन आठव्या दिवसापर्यंत पुरे करा. एखादे साधन राहिलेच, तर पत्रात त्याचे नाव घालून 'हे उद्धृत स्वरूपात वापरले आहे' असे लिहा.